'नगरला फिरायला आहेच काय?' म्हणणाऱ्यांना उत्तर

सुट्टीला पाहुणे आले की नगरच्या घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आमच्या नगरला फिरायला आहेच काय?" म्हणणाऱ्याला त्याचा संकोच वाटत नाही, आपल्या गावाबद्दल आपण किती परखड बोलतो याचं थोडं समाधानच असतं. मग कार्यक्रम ठरतो. शनिशिंगणापूर, जमलं तर शिर्डी, पोरं बरोबर असतील तर रणगाडा संग्रहालय, आणि पाऊस लागला असेल तर गाडी थेट भंडारदऱ्याला. 2024 साली सरकारी कागदावर अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, बोलण्यात नगर राहिलं, आणि हे वाक्यही राहिलं.

घरातल्या घरात बोलायची ही गोष्ट असती तर उत्तर द्यायचं काही कारण नव्हतं. पण हे वाक्य घराबाहेरही पडतं. कॉलनीतल्या ओपन स्पेसवर सभामंडप टाकायचा असो, गायरानावर सौर पॅनल लावायचे असोत, की टेकडीच्या पायथ्याचा मुरूम उपसायचा असो, पहिला युक्तिवाद हाच येतो: तिथं आहेच काय, नुसता माळ तर पडलाय. पाहुण्यांसमोर विनयानं म्हटलेलं वाक्य असं ठेकेदाराच्या तोंडी जातं आणि तिथं ते फार उपयोगी पडतं. म्हणून त्याचा समाचार घ्यायला हवा.

समोरच्यांचं म्हणणं आधी धडपणे सांगतो, कारण ते अगदीच पोकळ नाही. नगर शहर पर्जन्यछायेत आहे. वर्षाला साधारण साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, तोही लहरी. जिल्ह्याचं हिरवेपण म्हणजे पश्चिमेचा अकोले तालुका. घाटघर-रतनवाडीकडे पाऊस मिलिमीटरच्या हजारांत मोजतात, आणि तिथून पूर्वेला कर्जत-जामखेडकडे येईतो सगळं कोरडं होत जातं. शहरातल्या बागा लोकसंख्येच्या मानानं थोड्या. आहेत त्यांत घसरगुंडीचा पत्रा फाटलेला, दिवे बंद, स्वच्छतागृहाला कुलूप. बाईमाणसानं एकटीनं संध्याकाळी फिरायला जावं अशी जागा सांगा म्हटलं तर सांगणारा अडखळतो. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. हे सगळं खरं आहे. पण यातून 'म्हणून इथं फिरायला काही नाही' हा जो निष्कर्ष काढला जातो, तो या पुराव्यातून निघतच नाही. निघतं ते एवढंच, की इथं फिरायच्या वेळा वेगळ्या आहेत आणि देखभाल वाईट आहे.

आधी भंडारदऱ्याचं पाहू, कारण 'फिरायला जाणं' याचा नमुना म्हणून आपण तेच डोळ्यांपुढे ठेवतो. नगरहून संगमनेर, अकोले, राजूर करत जायला दीडशे किलोमीटरच्या आसपास अंतर, यायला तेवढंच. रविवारी पहाटे निघालेलं कुटुंब रात्री घरी पोहोचतं तेव्हा दिवसातले सात-आठ तास गाडीत गेलेले असतात. उरलेल्या वेळात रांग, पार्किंग, भजी, मक्याचं कणीस, फोटो. पायाखाली गेलेली वाट मोजली तर ती गाडीपासून भज्यांच्या टपरीपर्यंतची. आणि ज्या अंब्रेला फॉलसाठी एवढी धावाधाव होते, तो विल्सन धरणाच्या भिंतीतून पाणी सोडलं की दिसतो. हे धरण इंग्रजांनी 1926 साली पुरं केलं, ते प्रवरेच्या पाण्यानं खालची शेती भिजवायला. पाटबंधारे खात्यानं झडप उघडली तर निसर्ग, नाहीतर कोरडी भिंत. यात धबधब्याला नावं ठेवायचा हेतू नाही, तो दिसतो छानच. पण दीडशे किलोमीटरवरचा नळ बघायला जाणाऱ्यानं घराशेजारच्या डोंगराला कृत्रिम आणि ओसाड म्हणू नये, एवढी माफक अपेक्षा आहे.

या गर्दीचा भार अकोल्यावर काय पडतो, हाही प्रश्न आहे. कळसूबाई 1646 मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी तिथल्या लोखंडी शिड्यांखाली माणसं रांग लावून उभी असतात. त्याहून वाईट हाल काजव्यांचे. मे अखेरीपासून मृगाच्या सुरुवातीपर्यंत सादडा, हिरडा, जांभळाच्या झाडांवर काजवे लखलखतात ते जोडीदाराला खूण करायला. नर चमकतो, मादी ओळखते आणि उत्तर देते. त्या अंधारात शेकडो गाड्यांचे हेडलाइट आणि मोबाइलच्या बॅटऱ्या घुसल्या की ही बोलाचालीच तुटते. 1986 साली जाहीर झालेलं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे ते. वनखात्याला रात्रीच्या प्रवेशावर वेळेची बंधनं घालावी लागली ती याच पायी. अकोल्याला जाऊच नका असं कोण म्हणतं? जा, आडवारी जा, दोन दिवस राहा, गावातल्या एखाद्या घरी नाचणीची भाकरी खा, रतनगड चढा. पण सबंध जिल्ह्याची रविवारची हौस एका तालुक्यानं भागवावी हा हट्ट का? जिल्हा सतरा हजार चौरस किलोमीटरचा आहे, क्षेत्रफळानं महाराष्ट्रात पहिला. उरलेल्या तेरा तालुक्यांत पाहण्याजोगं काहीच नाही, हे म्हणायला धाडस लागतं.

आता माळाकडे येतो. खरं भांडण इथंच आहे.

माळाला ओसाड म्हणायची सवय आपल्याला महसूल खात्यानं लावली. ज्या जमिनीतून सारा येत नाही ती निकामी, हा इंग्रजी हिशेब. सातबाऱ्यावर तो 'पोटखराबा' होऊन बसला आणि स्वातंत्र्यानंतरही उठला नाही. केंद्र सरकार उपग्रहाच्या मदतीनं देशातल्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह काढतं, त्यात झुडपी आणि गवताळ माळ सरळ पडीक या सदरात धरले जातात. सदरच तसं पाडलं की पुढचं आपोआप होतं. पडीक जमीन 'उपयोगात आणायची' असते. तिला रिकामी ठेवणारा अधिकारी निष्क्रिय ठरतो आणि तिच्यावर काहीही उभं करणारा कार्यक्षम.

पण दख्खनचा माळ म्हणजे जंगल तुटून उरलेली जागा, हा समज तपासून पाहायला हवा. काही ठिकाणी तो खराही असेल. पण एवढ्या पावसात, एवढ्या उथळ मुरमाड जमिनीवर, घनदाट अरण्य सगळीकडे कधी होतं याचा पुरावा कोणी देत नाही. गवत मात्र आहे, आणि त्या गवतावर जगणारे असे प्राणी आहेत जे जंगलात जगूच शकत नाहीत. काळवीट घ्या. कर्जत तालुक्यात रेहेकुरीला 1980 साली काळविटांसाठी अभयारण्य झालं. आकार फक्त 2.17 चौरस किलोमीटर. मुंबईतल्या एखाद्या बड्या वसाहतीत मावेल एवढं. काळविटाचा बचाव त्याच्या डोळ्यांत आणि पायांत आहे: लांबवर दिसलं पाहिजे आणि पळायला मोकळं पाहिजे. दाट झाडोरा झाला की तो तिथून निघून जातो. हिवाळ्यातल्या सकाळी तिथं उभं राहिलं तर पिळदार शिंगांचा काळा नर आणि भोवती बदामी माद्यांचा कळप दिसतो. दचकला की एकेक जण स्प्रिंग लावल्यासारखा हवेत उडतो. नगरच्या किती शाळांची सहल तिथं जाते? वॉटर पार्कला मात्र बस भरून जाते.

माळढोकाचं तर सांगवतच नाही. 1979 साली सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून माळढोक अभयारण्य जाहीर झालं. आपले कर्जत, श्रीगोंदा, नेवासे त्यात होते. कागदावर जवळपास साडेआठ हजार चौरस किलोमीटर. त्यात गावं, शेतं, रस्ते सगळंच आलं, लोक वैतागले, वर्षानुवर्षं कज्जे चालले आणि शेवटी क्षेत्र सव्वा बाराशेच्या आसपास आलं. लोकांचा वैताग रास्त होता, हे मी मान्य करतो. अभयारण्याची हद्द ज्यांनी आखली त्यांनी माळ आणि गाव यांत फरकच केला नाही. पण ही सगळी हुज्जत हद्दीवर चालली होती तोवर पक्षी संपत गेला, आणि त्यासाठी नगर शहरात कोणी चकार शब्द काढल्याचं मला आठवत नाही. काढणार तरी कसा? तो पक्षी जिथं राहतो तिथं 'आहेच काय'?

ज्या धनगराच्या मेंढ्या या माळावर शतकानुशतकं चरल्या, त्याला विचारा तिथं काय आहे. पवना कुठं, मारवेल कुठं, कुसळी कधी कोवळी असते आणि कधी मेंढीच्या कातड्यात घुसते, कुठल्या ओढ्याला चैतापर्यंत पाणी राहतं, हे सगळं तो उभ्या उभ्या सांगेल. जिल्ह्याला ज्यांचं नाव दिलं त्या अहिल्यादेवी होळकर जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. 31 मे 1725 चा जन्म, धनगराघरची लेक. 2025 साली त्रिशताब्दी झाली, फलक लागले, भाषणं झाली. त्याच जिल्ह्यात त्याच समाजाचं चराऊ रान सरकारी वहीत पडीक म्हणून नोंदवलेलं आहे. नाव त्यांचं घ्यायचं आणि त्यांच्या माळाला निकामी म्हणायचं, हे एकाच तोंडानं कसं जमतं?

यावर एक समंजस वाटणारा पक्ष पुढे येतो. ते म्हणतात, "बरं, माळ तर माळ, पण त्यावर झाडं लावू या ना! सावली झाली की लोक आपोआप येतील." या मंडळींचा हेतू स्वच्छ असतो, म्हणून यांच्याशी वाद घालणं सर्वांत जड जातं. महाराष्ट्रानं 2016 पासून 2019 पर्यंत दर पावसाळ्यात झाडं लावायची मोहीम राबवली: आधी दोन कोटी, मग चार, मग तेरा, मग तेहतीस. एवढी रोपं लावायची तर जागा कुठून आणणार? जिथं 'काही नाही' तिथून. माळावर चर खणले गेले, गिरिपुष्प आणि निलगिरी यांच्यासारखी परकी झाडं रांगेनं लागली. जगली तिथं गवत मेलं, मेली तिथं खड्डे राहिले. गवताची मुळं जमिनीत खोल जातात, पावसाचं पाणी अडवतात, कार्बन मातीत साठवतात. हे उपग्रहाला दिसत नाही आणि फीत कापायला येणाऱ्यालाही दिसत नाही. शहरात झाडं लावा, रस्त्याकडेला लावा, शाळेच्या आवारात लावा, बाजारतळावर लावा. कडुनिंब, वड, चिंच, करंज काय हवं ते. सावलीची गरज तिथं आहे. माळावर बाभूळ, हिवर, बोर आपापली येतात, त्यांना मोहिमेची गरज लागत नाही.

"पण पोरं कंटाळतात." हा आक्षेप आयांचा, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. पाठीवर सॅक, हातात पाण्याची बाटली, वर ऊन, आणि समोर पिवळं गवत. दहा मिनिटांत 'घरी कधी जायचं' सुरू होणार. म्हणून एक उदाहरण देतो. पाथर्डी रस्त्यानं शहराबाहेर पडलं की शहा डोंगरावर आपण चांदबीबी महाल म्हणतो ती इमारत दिसते. चांदबीबीचा तिच्याशी संबंध नाही. मुर्तजा निजामशहाचा वजीर सलाबतखान याचं ते थडगं. अष्टकोनी, तीन मजली, अपुरं राहिलेलं. डोंगराची उंची समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांच्या आसपास. वरपर्यंत गाडीरस्ता आहे, त्यामुळे बहुतेक जण गाडी थेट वर नेतात, महालात प्रतिध्वनी काढतात, सेल्फी घेऊन उतरतात. दिवाळीनंतरच्या एखाद्या सकाळी गाडी खाली ठेवून चढून पाहा. अर्ध्या वाटेवर पोरांच्या मोज्यांत कुसळं भरतात आणि कुरकुर सुरू होते. तिथंच बसा. एक कुसळ उपसून पोराच्या तळहातावर ठेवा आणि त्यावर बाटलीतल्या पाण्याचा एक थेंब टाका. ते वळायला लागतं. कोणी हात न लावता, घड्याळाच्या काट्यासारखं सावकाश, शेपटी गोल फिरवत. वाळलं की उलटं फिरतं. पिळाची शेपटी ओलसर हवेत उलगडते आणि कोरड्या हवेत पुन्हा पीळ घेते, आणि या उलटसुलट फिरण्यानं टोकाचं बी जमिनीत गिरमिटासारखं शिरतं. सहा वर्षांचं पोर यावर अर्धा तास काढतं. मग सगळ्यांच्या मोज्यांतली कुसळं गोळा होतात, कोणाचं जास्त वेळ फिरतं याची शर्यत लागते, आणि बाटलीतलं पाणी संपल्यावर थुंकीचाही प्रयोग होतो. घसरगुंडीनं कधी एवढं गुंतवलंय?

पोर कंटाळतं ते बहुधा बरोबरचा मोठा माणूस कंटाळलेला असतो म्हणून. ज्याला तितराची हाक आणि टिटवीचं ओरडणं एकच वाटतं, तरवडाच्या पिवळ्या फुलाकडे जो पाहत नाही, हिवाळ्यात मध्य आशियातून आलेला भोवत्या हा शिकारी पक्षी गवतावरून हातभर उंचीनं तरंगत नाकतोडे टिपतोय हे ज्याच्या ध्यानातही येत नाही, तो पोराला काय दाखवणार? त्याला स्वतःलाच कोणी दाखवलेलं नाही, हे खरं. पण त्याचा दोष डोंगराच्या माथी मारणं बरं नव्हे.

आणि बागांचं म्हणाल, तर ज्या शहराचा पायाच बागांत घातला गेला त्या शहरानं 'आमच्याकडं बागा नाहीत' म्हणावं, याला काय म्हणायचं? 1490 साली सीनेच्या काठी शहर वसवणाऱ्या अहमद निजामशहानं सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला शहराच्या उत्तरेला हश्त बिहिश्त बाग केली, मधोमध अष्टकोनी तळं आणि त्यात महाल. पुढे 1583 साली फराह बाग पुरी झाली. तीही पाण्यात उभी. एवढं पाणी आलं कुठून? कापूरवाडी, भिंगार, वडगावकडून खापरी नळांनी, जमिनीखालून, उतार साधत. पाऊस तेव्हाही एवढाच पडत होता. पर्जन्यछाया काही निजामशाही बुडाल्यावर आली नाही. दुष्काळी मुलखात बाग कशी करायची हे ज्यांना जमलं त्यांचे वारस आपण, आणि आपण सबब सांगतो ती पावसाची. फराह बागेचं तळं आज कोरडं, तिथवर जाणाऱ्या नगरकरांपेक्षा तिचं नाव न ऐकलेले नगरकर जास्त निघतील.

भुईकोट किल्ल्याची गोष्ट आणखी झोंबणारी आहे. ऑगस्ट 1942 मध्ये काँग्रेस कार्यकारिणीच्या डझनभर पुढाऱ्यांना तिथं आणून ठेवलं. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' तिथंच लिहिलं हे शाळेतलं पोरही सांगतं. पण त्याच पुस्तकाच्या सुरुवातीला त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली आहे: तुरुंगाच्या अंगणात ते भर उन्हात फुलझाडांचे वाफे खणत असत, आणि माती कसली तर दगडगोटे आणि जुन्या पडक्या बांधकामांचा राडारोडा. मौलाना आझादांनी इथूनच लिहिलेल्या 'गुबार-ए-खातिर' या उर्दू पत्रसंग्रहात खोलीत शिरणाऱ्या चिमण्यांवर पानंच्या पानं खर्च केली आहेत. ज्यांना भिंतीबाहेर पाऊल टाकायची परवानगी नव्हती त्यांना नगरच्या त्याच खडकाळ मातीत बाग दिसली, पाखरं दिसली. आपल्याला भिंतही नाही आणि पहाराही नाही. किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्यानं आत जायचे नियम आहेत, ठीक. पण खंदकाच्या बाहेरून एक मैलाहून थोडा जास्त वळसा होतो, आणि तो रोज पहाटे घालणारी माणसं या शहरात आहेत. त्यांना कोणी विचारत नाही, कारण ती 'फिरायला' गेलेली नसतात, 'वॉकिंग'ला गेलेली असतात.

आता सुरक्षिततेचा आणि सोयींचा मुद्दा, ज्यापुढे माझा सूर मवाळ होतो. शहरात सिद्धीबाग आहे, सावेडीत गंगा उद्यान आहे, उपनगरांत आणखी काही. कुठल्या बागेत गेलात यावर अनुभव अवलंबून. एका बागेचं फाटक मी असं पाहिलंय की पाटीवर वेळ सकाळी सहाची आणि कुलूप उघडायला माणूस येतो सातनंतर. बाहेर साडी आणि पांढरे कॅनव्हासचे बूट घातलेल्या चार बायका रस्त्याच्या कडेनंच येरझाऱ्या घालतायत, शेजारून एसटी आणि डंपर. त्यांना 'माळावर जा, कुसळं बघा' म्हणणं हा उद्धटपणा होईल. त्यांना हवं ते साधं आहे: सहाला फाटक उघडं, दिवे चालू, स्वच्छतागृहात पाणी, आणि टवाळखोरांना हटकणारा एक माणूस. डोंगरावर तर हेही नाही. बिबट्याचंही सांगितलं पाहिजे. प्रवरा-मुळेच्या कालव्यांखालच्या उसात तो आता कायमचा राहतो, आणि जिल्ह्यात त्याच्या हल्ल्यांत लहान मुलंसुद्धा गेली आहेत. तेव्हा उसाला लागून असलेल्या वाटा सोडाव्यात, दिवस वर आल्यावर निघावं, दिवस कलायच्या आत परतावं, पोरांना पुढे पळू देऊ नये. यात लपवण्यासारखं काही नाही.

माझा विरोध या मागण्यांना नाही, त्यांच्या क्रमाला आहे. "आधी सोयी करा, मग आम्ही येतो" असं म्हणणाऱ्यांसाठी आजवर कुठलीही बाग नीट झालेली नाही. पुण्यात वेताळ टेकडी आहे. तिथं ना घसरगुंडी, ना कारंजं. दगडखाणी, गवत, मोर आणि पायवाटा. पिढ्यान्पिढ्या लोक रोज चढत आले. म्हणून टेकडीतून रस्ता काढायचं घाटलं तेव्हा 2023 साली हजारोंचा मोर्चा निघाला. टेकडी वापरणाराच टेकडीसाठी उभा राहिला. त्याहून जुनं उदाहरण इंग्लंडचं. 24 एप्रिल 1932 ला मँचेस्टर आणि आसपासचे काही शे तरुण, त्यांत कितीतरी गिरणीकामगार, किंडर स्काउट नावाच्या पठारावर मनाई मोडून चढले. जमीनदारांनी ते शिकारीच्या पाखरांसाठी राखून ठेवलं होतं. पाच जणांना कैद झाली. पुढे 1949 साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला, आणि 1951 साली तोच मुलूख देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाला. आणि काय होतं हो तिथं? झाडं नाहीत, धबधबा म्हणावा तर एक, वारा आणि चिखल. आपल्या भाषेत बोलायचं तर ओसाड माळ. नगरकर तिथं असता तर म्हणाला असता, इथं आहेच काय.

ओपन स्पेसचंही असंच. मंजूर रेखांकनात दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते, म्हणजे प्लॉट घेताना तिची किंमत आपण सगळ्यांनी मिळून भरलेली असते. सावेडी, केडगाव, बोल्हेगाव कुठंही जा. त्या जागेत आधी गाजरगवत वाढतं, मग कोणी राडारोडा टाकतो, मग एक छोटं देऊळ, मग पत्र्याचा मंडप, मग कुंपण. दर टप्प्याला समोरच्या बंगल्यातला माणूस म्हणतो, नाहीतरी पडूनच होती. तिथं रोज संध्याकाळी वीस पोरं क्रिकेट खेळत असती तर मंडपवाल्याला ती जागा पडून आहे असं म्हणता आलं असतं का?

म्हणून सुचवतो ते अगदी छोटं. पुढचे काही रविवार भंडारदऱ्याचा बेत बाजूला ठेवा. एकदा डोंगरगणला जा, तिथला झरा आणि देवळाभोवतीची झाडी पाहा, जवळच मांजरसुंब्याच्या गडावर चढा. एकदा गाडी पायथ्याला ठेवून शहा डोंगर. एकदा लांब जायचंच असेल तर कर्जतकडे, रेहेकुरी. हाताशी वेळ असेल तर पारनेरात निघोजला कुकडीनं खडकात कोरलेले रांजणखळगे, किंवा संगमनेर तालुक्यात पेमगिरीचा तो अनेक एकरांवर पसरलेला वड, ज्याच्या पारंब्यांत पोरं दिवसभर हरवतात. जाताना चिवडा-भाकरी घरची न्या, प्लॅस्टिक परत आणा, आणि ज्या जमिनीवर चाललात तिचं गाव आणि गट नंबर शक्य झालं तर वहीत टिपून ठेवा.

हे शेवटचं टिपणं उगाच सांगत नाही. शहराचा विकास आराखडा जाहीर झाला की हरकती आणि सूचनांसाठी महिन्याभराची मुदत असते. त्या महिन्यात बिल्डर अर्ज करतो, जमीनमालक करतो, कधी कधी राजकीय पक्षही करतो. 'अमुक गटातली टेकडी आरक्षित ठेवा, आम्ही तिथं दर आठवड्याला चालतो, सोबत फोटो आणि सह्या' असा अर्ज करणारं कुटुंब मात्र सापडत नाही. नमुना अवघड नाही, साध्या कागदावर लिहून आवक विभागात पोच घेतली तरी चालतं.